अमावास्येची वेचणी

जालन्याबाहेरच्या धावपट्टीवरून सकाळी शिकाऊ विमानं उडतात. आसपासच्या वस्त्यांना त्या आवाजाची सवय झाली आहे. कार्तिकातल्या अमावास्येला माझा नातू अंकित तसाच एकटा उडाला. धावपट्टी मागे पडते न पडते, तोच इंजिनाचा जोर गेला. अशा वेळी वळायचं नसतं. समोर जे मिळेल तिथे उतरायचं असतं. समोर मच्छिंद्र नावाच्या शेतकऱ्याचं कपाशीचं सपाट रान होतं. तरी अंकित वळला. पंख कडुलिंबाला अडकला आणि विमान बांधावर आपटलं.

दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, आणि त्याचं एकच म्हणणं. "दादाजी, रानात बाया कापूस वेचत होत्या. त्यांच्या अंगावर कसं उतरू?"

चौकशीचे साहेब म्हणाले, रान रिकामं होतं, गावानंच सांगितलं. पोरगा घाबरून वळला, असं त्यांचं मत. आता त्याचं उडणं कायमचं बंद होणार होतं.

साक्षीदार शोधायला मी मच्छिंद्रच्या घरी गेलो. जन्म पुस्तकांत गेला. परक्या दारात मला शब्द सुचत नाहीत. "त्या दिवशी तुमच्या रानात..." एवढंच कसंबसं म्हणालो.

मच्छिंद्रची बायको नंदाबाई हसली. "शेठजी, आवसंला कोन जातंय रानात? बैलालाबी सुट्टी असती. तुमच्या बुकांत एवढं न्हाई का?"

"मग वेचणी कधी केली?"

"दुसऱ्या दिवशी बाया घेऊन गेल्तो," मच्छिंद्र म्हणाला. "तर निम्मं रान आधीच येचलेलं."

"तुम्ही गप बसा!" नंदाबाईचं हसू गेलं.

"चोर असतील," मी म्हणालो.

"चोर कापूस नेतात, शेठजी," मच्छिंद्र थांबेना. " ह्यो बांधावर रचून ठेवलेला. काडीकचरा न्हाई, पान न्हाई. मानसाच्या हातानं इतका साफ येचताच येत न्हाई."

"हे साहेबांना सांगाल?"

"आन् मंग आमच्या रानात एक तरी मजूर पाय ठेवील का?" नंदाबाई म्हणाली. "कापूस इकून झाला. आमी काईबी बगितलं न्हाई."

संताप आला होता. तरी सवयीनं हात जोडले आणि परतलो.

अंकितला सगळं सांगितलं. "तुझं खरं होतं. तिथं कोणीतरी होतं."

त्याला हायसं वाटेल, अशी माझी समजूत. त्यानं डोळे मिटून घेतले.

"साहेबांना एक गोष्ट बोललो नाही, दादाजी. त्यांनी मला वेडा ठरवलं असतं."

"कोणती?"

"त्या बायांनी वर पाहिलं, ते इंजिनाचा आवाज बदलला म्हणून नव्हे. आधी सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. इंजिनाचा जोर त्यानंतर गेला."