निरोप दिलेलं पाणी

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, ठाऊक आहे मला. मीही अशा गोष्टी वाचतो आणि पहिल्याच ओळीला हसतो. पण ही माझ्या मावसभावाची, विनीतची गोष्ट आहे, आणि विनीतला थाप मारता येत नाही. लहानपणी आंबे चोरले तर घरी जाऊन स्वतःच सांगायचा आणि आम्हा सगळ्यांना मार खायला लावायचा.

संगमेश्वरहून नदीच्या काठाकाठाने खाली गेलं की त्याची वाडी लागते. नाव देत नाही. तिथे अजून माणसं राहतात.

दिवस मात्र पक्का सांगतो. गेल्या श्रावणातल्या नागपंचमीचा दुसरा दिवस. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती... चांगली भर दुपार होती.

आज त्याची बायको मृणाली जिवंत आहे. धडधाकट आहे. हसते, बोलते, जेवते.

तरी विनीत तिला एकटीला सोडून कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाही.

का, ते ऐका.

लग्न झाल्यावर वर्षभर विनीत अंधेरीला कंपनीत आणि मृणाली इकडे सासूजवळ, असा संसार चालला होता. फोनवरचा संसार. शेवटी विनीत वैतागला आणि नोकरी सोडून गावी आला. करणार काय? तर मागच्या परड्यात मासे पाळणार. हायवेवरच्या हॉटेलांना ताजा मासा हवा असतो, आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून साहेब पक्के तज्ज्ञ झाले होते.

सगळे म्हणाले, अरे, तुझ्या परड्यात दर पावसाळ्यात नदी येते. मासे नदीचे होतील, तुझे नाही.

त्यालाही विनीतकडे उत्तर होतं. त्याने जेसीबीने तळं खणलं, चहूबाजूंनी चिऱ्यांचा बांध उंच घेतला, वर जाळी ताणायला लोखंडी खांब रोवले. पाणी सोडायला एक तोंड ठेवलं आणि त्याला वरखाली होणारी जाड फळी. शेजारचा शिवा मदतीला होता. दोघं उन्हात काळेठिक्कर पडले, पण तळं झकास झालं. मृणाली संध्याकाळी चहा घेऊन बांधावर येऊन बसायची. ती खूश होती. नवरा घरी होता, अजून काय हवं?

नाखूश होती एकटी मैनामावशी. विनीतची आई.

"त्या अंगाला खड्डा नको रं बाबा," ती म्हणायची. "ती वाट हाय पाण्याची."

"आई, वाट आहे म्हणूनच तर बांध घातला ना!"

मावशीच्या घरात पुराची एक रीत होती. पाणी चढत चढत मागल्या दाराच्या पायरीला लागलं की घरच्या सवाशिणीने नदीची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. माहेरवाशीण दारात आली की आपण करतो तसंच. मग तिला म्हणायचं, आलीस, बरं वाटलं, आता सुखाने जा.

आणि पाणी ओसरलं की परड्यातली बादली, घमेलं, दगडी डोण, सगळं उपडं करायचं. पुराचं पाणी घरात थेंबभर ठेवायचं नाही.

विनीतला ते पटायचं. रोगराई नको म्हणून जुन्या माणसांनी घातलेली रीत, असं तो सगळ्यांना समजावूनही सांगायचा.

नागपंचमीला रात्रभर पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी नदी परड्यात आली.

तांबडं, जाड पाणी. परड्याचा दगडी गडगा बुडाला. तळ्याचा बांध बुडाला. नुसते लोखंडी खांब वर दिसत होते.

मग पाणी पायरीला लागलं.

मावशी विधवा, म्हणून ओटी मृणालीने भरली. पदर खोचून ती पायरीवर वाकली, केळीच्या पानावर सगळं ठेवून पान पाण्यावर सोडलं. आतून मावशी एकेक शब्द सांगत होती आणि मृणाली म्हणत होती.

"आलीस, बरं वाटलं. आता सुखाने जा."

पान दोनदा फिरलं आणि नदीकडे गेलं.

थोड्या वेळाने पाणी उतरायला लागलं. नेहमीसारखंच.

विनीत आणि शिवा कमरेभर पाण्यातून बांधाकडे धावले. ताणलेल्या जाळीखाली पाणी नुसतं खळबळत होतं. विनीतने सोडलेले रोहू, कटला तर होतेच, पण नदीतून वर आलेली मरळ होती, हाताएवढी वाम होती.

"फळी टाक!" शिवा ओरडला. "फुकटचा माल हाय, फळी टाक आधी!"

विनीतने फळी खाली दाबली.

परड्यातलं सगळं पाणी गेलं. तळ्यातलं तेवढं राहिलं.

मावशीने बादली उपडी केली, घमेलं उपडं केलं, डोण उपडी केली. तळं तिच्या ध्यानात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

पहिली गोष्ट विनीतच्या लक्षात आली ती पाण्याची. पुराचं पाणी थांबलं की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. हे निवळलं नाही. तांबडंच राहिलं.

मासे खाणं घेईनात. सगळे एका बाजूला गोळा व्हायचे. फळीच्या बाजूला. तोंडं नदीकडे करून नुसते उभे.

मग बेडूक गेले...

श्रावणात परड्यात कान किटतात बेडकांनी. त्या परड्यात एकही ओरडेना. गडग्यापलीकडे शिवाच्या अंगणात ओरडत होते. अलीकडे शांत.

घरची कुत्री मागल्या दारी जायची बंद झाली.

आणि एका दुपारी, मावशी आडवी झालेली, विनीत पडवीत जाळं शिवत बसलेला, तेव्हा मागून आवाज आला...

बांगड्यांचा.

ओल्या हातांनी कुणी बांगड्या मागे सारतं ना, तसा.

विनीतला वाटलं, मृणाली भांडी घासतेय. त्याने हाक मारली, "अगं, जरा पाणी दे."

"आणते," मृणाली म्हणाली.

समोरच्या खोलीतून.

मागचा आवाज थांबला.

माणूस अशा वेळी स्वतःची समजूत घालतो. विनीतनेही घातली. शिवाची बायको आली असेल, झालं.

पण मग मृणालीचं वागणं बदललं. दुपारी ती चहाचा एक कप जास्त करायला लागली. तो कप मागल्या पायरीवर ठेवायची. विनीतने विचारलं तर म्हणाली, "असू दे हो."

कप रिकामा व्हायचा. मांजर प्यायलं असेल, नाही का?

कपाच्या तळाशी गाळ असायचा. तांबडा.

तिच्या साडीचा काठ सदा ओला. मासे खायचे तिने सोडले. एकदा भेंडी चिरता चिरता आपणहून म्हणाली, "तिला करमत नाहीये इथे."

"कुणाला?"

मृणालीने भेंडी चिरून संपवली.

विनीत घाबरला. मनातून खूप घाबरला. आपण इतक्या हौसेने हिच्यासाठी गावी आलो आणि ही आपल्या डोळ्यांदेखत कुठेतरी निघाली आहे, असं त्याला वाटायला लागलं. देवरुखला तिच्या माहेरी घेऊन जायचं त्याने ठरवलं. बॅगसुद्धा भरली.

त्याच दिवशी तो बाजारातून घरी आला. तिन्हीसांजेची वेळ. मावशी देवापुढे दिवा लावत होती.

"मृणाली कुठाय?"

"मागं गेली. तुळशीची वात इझली म्हणाली."

तुळस घराच्या पुढे आहे.

विनीतने पिशवी टाकली आणि मागे पळाला.

मृणाली तळ्यात उभी होती. पाणी छातीपर्यंत. चेहरा नदीकडे. उजवा हात पुढे केलेला... लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरून चालतं, तसा.

आणि ती चालत होती. सावकाश. तळ्याच्या खोल अंगाला.

"मृणाली!"

तिने मागे वळून पाहिलं आणि हसली. "हिला पोचवून येते हं. एकटी कशी जाईल?"

विनीतने उडी मारली. तिला काखेत धरून ओढलं. ती वजनाला हलकी आहे, पण त्या दिवशी ओढवेना. पलीकडूनही कुणीतरी धरलं होतं.

तो आईला हाका मारत होता. मावशी धावत आली, बांधावर थांबली, आणि तिने पहिल्यांदा ती फळी नीट पाहिली.

"ह्यां कवाचं पाणी रं?" तिने विचारलं. "विनीत, पुराचं हाय ह्यां?"

त्याने ओढता ओढताच मान डोलावली.

"ओटी भरून निरोप दिलेली बाय... आणि तू तिला कोंडून ठेवलीस?"

मावशीने तिथेच गुडघे टेकले. पदर पसरला. "सोडतंव बाय, उद्या उजाडताच सोडतंव. माझ्या पोरीला सोड."

मृणाली एकदम सुटली. दोघं काठच्या चिखलात आपटली.

तिच्या उजव्या मनगटावर गाळाची चार बोटं उमटली होती. आणि एक अंगठा. धुतली तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेली नाहीत.

उजाडताच शिवाला बोलावलं. फळी उचलेना, फुगून बसली होती. मग पिकावाने बांधच फोडला.

एवढं पाणी, धो धो जायला हवं होतं. पण ते तसं गेलं नाही. सावकाश निघालं, परड्यातून एका रेघेत, आणि वाटेत कुठे पसरलं नाही. मृणाली त्याच्या कडेकडेने चालत होती. मावशीने तिचा हात घट्ट धरला होता. गडग्याशी मावशी थांबली आणि तिलाही थांबवलं. मृणाली थोडा वेळ तिथे वाकून उभी राहिली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. मग मान हलवली.

पाणी गडग्याच्या फटीतून नदीकडे उतरलं.

विनीत रिकाम्या तळ्याकडे वळला. मासा एकही नव्हता. चिखलात तडफडायला एक तरी राहायला हवा होता ना? नव्हता.

तळाच्या गाळात पावलं होती.

लहान, बायकी पावलं. तळ्याच्या मधोमध उमटायला सुरुवात झालेली, फोडलेल्या बांधाकडे गेलेली. ताजी होती, आणि पाणी गेल्यापासून त्या तळात अजून कुणीच उतरलं नव्हतं.

शिवा पिकाव तिथेच टाकून घरी गेला. पुढे कितीतरी दिवस तो त्या परड्यात फिरकला नाही.

मृणाली मात्र बरी झाली. चहाचा जास्तीचा कप बंद, साडीचा काठ कोरडा, मासे पुन्हा खायला लागली. बेडूक ओरडायला लागले. विनीतने तळं मातीने बुजवलं, वर केळी लावल्या, आणि संगमेश्वरच्या एका दुकानात कामाला लागला. सुटलो, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं. मी तर त्याला चिडवलंसुद्धा, की बाबा, आता कोंबड्या पाळ.

गणपती आले, गेले.

एका सकाळी मृणाली भाकऱ्या थापत होती. विनीत शेजारी बसून खात होता. छान ऊन पडलं होतं. तिने सहज, अगदी सहज सांगितलं.

"जाताना ती फार गोड बोलली हो. म्हणाली, तुझ्याकडे मी इतके दिवस राहिले. आता तू माझ्याकडे कधी येतेस?"

विनीतचा घास तोंडातच राहिला.

"मग... तू काय म्हणालीस?"

मृणालीने भाकरी उलटली.

"काय म्हणणार? एवढं मायेने कुणी बोलावलं तर नाही म्हणतात का?"

"काय म्हणालीस, मृणाली?"

"येईन म्हटलं."

या वर्षी मिरग लागायच्या आधीच विनीतने देवरुखला भाड्याने खोली घेतली. उंचावर, नदीपासून लांब. मावशीलाही तिकडे नेलं. दाराला आतून कुलूप असतं आणि किल्ली विनीतच्या खिशात. कामावर जातो तेव्हा मावशी सुनेच्या पदराला गाठ मारून बसते. हसू नका. मी हसलो होतो, आता हसत नाही.

मृणाली कशालाच विरोध करत नाही. शांतपणे राहते. फक्त रोज एकदा विचारते, "वाडीत पाणी कुठवर आलं असेल हो?"

परवा तिने असंच विचारलं. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, समोरचं घर दिसत नव्हतं. विनीत म्हणाला, "छे, यंदा पाऊसच नाही."

मृणालीने खिडकीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं आणि त्याची कीव आल्यासारखी हसली.

"बरं," ती म्हणाली. "तशी घाई नाही म्हणालीय ती."

विनीतने हे मला फोनवर सांगितलं. मी काहीतरी धीराचं बोलेन, म्हणून तो वाट बघत होता.

मी नुसतं "हं" म्हणालो.