चार नंबरच्या शेजारी

त्यांची ओळख झाली ती एका तापलेल्या बॅटरीमुळे. कंपनीच्या चाचणीतल्या इलेक्ट्रिक गाड्या एकमेकींशी बोलायच्या. एकीची बॅटरी तापायला लागली, की आग लागायच्या आत ती शेजारच्या गाड्यांना आणि कंट्रोल रूमला कळवायची. मग कंट्रोल रूममध्ये बसणारी ती शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन करायची, गाडी लांब घ्या म्हणून. पहिल्याच फोनला सात नंबरचा ड्रायव्हर म्हणाला होता, "घेतो की... पण इतक्या गोड आवाजात सांगितल्यावर घाई कशी करायची?"

झालं. बाईसाहेब पाघळल्या.

पण हल्ली स्क्रीनवर सात नंबर रोज चार नंबरला चिकटून उभा. चार नंबर चालवायची ती नवी, कुरळ्या केसांची. एवढं मैदान मोकळं पडलंय, आणि ह्याला जागा सापडते ती तिच्याच शेजारी! आज तर कॅमेऱ्यात दोघं चक्क खिदळताना दिसली. हिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेवढ्यात चार नंबर तापल्याची सूचना आली. तिने फोन सहकाऱ्याकडे सरकवला. "तूच सांग त्या महाशयांना."

सहकाऱ्याने सांगून पाहिलं. "ऐकत नाहीये गं. नेहमीच्या मॅडमना द्या, मगच हलतो म्हणतोय."

"मग बसू दे तिथेच."

बोलता बोलता स्क्रीनवरचा आकडा लाल झाला आणि भराभर चढायला लागला. तिने फोन हिसकावला.

"गाडी राहू दे, आधी तू बाहेर पड. तिलाही घे. पळ!"

कॅमेऱ्यात पांढरा धूर भरला. फोन कट झाला. आपल्या जळफळाटापायी त्याचं काही बरंवाईट झालं तर...

बऱ्याच वेळाने तो दारात उभा राहिला. शर्टाला धुराचा वास. दोन्ही गाड्या जळून गेल्या होत्या, माणसं वाचली होती. बाकीच्या गाड्या सूचना मिळताच लांब गेल्या, म्हणून आग पसरली नव्हती.

"तिच्याच शेजारी का उभा राहायचास रोज?" तिने विचारलं.

"चार नंबर सारखी तापायची." तो खाली बघत म्हणाला. "ती तापली, की तुझा फोन यायचा..."

"बावळट. जीव गेला असता. सरळ येऊन बोलता येत नव्हतं?"

"धीर होत नव्हता — तू आवडतेस, हे समोर येऊन कसं सांगणार?"

तिचे डोळे भरून आले. तरी मन पुरतं निवेना.

"आणि तिच्याशी एवढं खिदळत काय होतास?"

"ती चिडवायची. तुझा फोन आला, की माझे कान लाल होतात म्हणून."

तिने जवळ जाऊन पाहिलं. आत्ता तर फोनही आला नव्हता... तरी कान लालच होते.