कपाटातली टकटक

“डावीकडे वळ, भिंगरे! दीपगृह डावीकडे आहे!” हेडफोनमधून बाबांचा आवाज आला.

“वळले, वळले! तुम्ही मागे राहू नका हं, बाबा!”

पडद्यावर दाट धुकं होतं आणि धुक्यात दोन कंदील हलत होते. एक भिंगरीचा, एक बाबांचा. बाबा जहाजावर इंजिन सांभाळायचे आणि महिनोन्‌महिने घरी नसायचे. पण जहाज बंदराला लागलं, की दुपारी ते लॅपटॉप उघडून बसत आणि बापलेक मिळून खेळातल्या या ओसाड बेटावर भटकत. आज संध्याकाळी जहाज सुटणार होतं. मग सुट्टी संपेपर्यंत फोन नाही की खेळ नाही! त्याआधी दीपगृहाचा दिवा लावायचाच, असं दोघांचं ठरलं होतं.

धुक्यातून दीपगृहाचं काळं दार पुढे आलं. तेवढ्यात भिंगरीच्या पायांपाशी आवाज झाला.

टक्.

तिचा हात माउसवर थिजला. आवाज कपाटातून आला होता. सुट्टीला मुली मामाकडे आल्या होत्या, आणि हे मामाने स्वतःच्या हातांनी केलेलं सुंदर लाकडी कपाट! वर पडदा ठेवायला फळी आणि खाली घट्ट मिटणाऱ्या दोन दारांआड कॉम्प्युटरचा डबा; चालू करायचं बटण तेवढं तार ओढून वर फळीवर बसवलेलं. “मुंगीसुद्धा शिरायची नाही!” असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

दारांमागे कुणीतरी कण्हायला लागलं. आधी हलके, मग घसा ताणून.

टक्. टक्.

आणि पडदा काळा झाला.

“गेलं!” चष्म्या ओरडला. हा मामाचा मुलगा, भिंगरीच्याच वयाचा. “पुन्हा दीपगृहाच्या दाराशीच! सांगतो तुला, त्या दारात काहीतरी आहे.”

“दारात नाही, कपाटात आहे,” भिंगरीची धाकटी बहीण पिटुकली सोफ्यावर पाय वर घेत म्हणाली. “मला माहितीये. ते आतून दार वाजवतं.”

“पिटुकले, गप बस!” भिंगरी म्हणाली खरी, पण तिनेही पाय हळूच खुर्चीवर घेतले.

मामीच्या फोनवर बाबांचा निरोप आला: “दाराशी उभा आहे. ये लवकर.”

“पुन्हा बंद पाडलात ना?” मामा दारात उभा होता. अंगाला भुसा, कानावर पेन्सिल. “त्या दुरुस्तीवाल्याने हाच डबा दिवसभर टेबलावर चालवून पाहिला. काही झालं नाही! मी त्यावर कपाटांचे नकाशे काढतो तेव्हा काही होत नाही. तुम्ही खेळायला बसलात, की लागली वाट! पुन्हा बंद पडला ना, तर खेळ कायमचा बंद. कळलं?”

“अगदी शेवटचं, मामा! बाबा वाट बघताहेत.”

“शेवटचं म्हणजे शेवटचं!” मामा अंगणातल्या शेडमध्ये परत गेला. जाताजाता त्याने कपाटाचं दार नीट मिटल्याची खात्री करून घेतली.

स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, “मला तर ती खोलीच आवडत नाही बाई. परवा एकटी बसले होते, तर कुणीतरी सुस्कारा सोडल्यासारखं वाटलं.”

“झालं!” चष्म्या कुजबुजला. “आता आईलाही ऐकू येतंय!”

भिंगरीने बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. तिने घाईघाईने बेट गाठलं. दूर दीपगृहापाशी एक कंदील स्थिर उभा होता. ती धुक्यातून उतारावर धावत सुटली.

टक्!

“इतक्यात?” चष्म्याचा चष्मा नाकावर घसरला. “अजून तर दार आलंही नाही!”

कण्हणं आता किंकाळीसारखं चढलं. पडदा काळा पडला. त्या काळ्या काचेत तिघांचे चेहरे दिसत होते, भुतांसारखे पांढरे. खोलीत त्यांच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. खिडकीचा पडदा ओढलेला, हवा अगदी पडलेली. तेवढ्यात पिटुकलीने बोट दाखवलं.

कपाटाच्या दाराखालून काहीतरी काळपट, दाट, हळूहळू बाहेर येत होतं. एक थेंब लोंबकळला आणि फरशीवर पडला.

“र... रक्त!” चष्म्या भिंतीला चिकटला.

भिंगरीला पळून जावंसं वाटलं. पण धुक्यात तिची वाट पाहत बाबा उभे होते. तिने दात घट्ट आवळले, कडी धरली आणि दोन्ही दारं फाडकन उघडली!

ऊन ऊन श्वास तिच्या तोंडावर आला. कुणीतरी अगदी समोर तोंड आणून उच्छ्वास टाकावा तसा. ती मागे कोलमडली. आत अंधारात डबा होता आणि त्याच्या शेजारी चमचमणारा चुरगळलेला कागद.

“माझं चॉकलेट!” पिटुकलीने भोकाड पसरलं. “मी चष्म्यादादापासून लपवलं होतं! त्याचं काय झालं?”

“तुझं चॉकलेट?” चष्म्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तो चिडला. “कॉम्प्युटरच्या कपाटात कुणी चॉकलेट लपवतं का, येडे? आणि मी खाणार होतो होय?”

“हो! खाणार होतास!”

“थांबा रे!” भिंगरी गुडघ्यांवर बसली. तिने डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. “चटका बसतोय! चॉकलेट वितळलं, डबा तापलाय... चष्म्या, दुकानात हा उघड्या टेबलावर होता. म्हणून चालला! इथे आपण त्याला कोंडून ठेवतो.”

“पण पप्पांनी काम केलं तर नाही तापत?”

“नकाशाला कुठे एवढं राबावं लागतं? हे धुकं, लाटा, कंदील, सगळं सारखं काढत राहायचं म्हणजे धावणंच ते! दुसऱ्यांदा लवकर मेला, कारण आधीचाच तापलेला होता. जळून जाऊ नये म्हणून तो आपणहून बंद होतोय!”

“मग ते कण्हणं?”

“आतला पंखा. बिचारा जीव तोडून फिरतो, पण वारा आणणार कुठून?”

“आणि दार कोण वाजवतं?” पिटुकलीने हुंदके थांबवून विचारलं.

तेवढ्यात उघड्या कपाटाने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पुन्हा आवाज केला. टक्!

“आई गं!” तिघं एकमेकांना घट्ट बिलगली.

“काय गोंधळ चाललाय?” मामा धावत आला. उघडी दारं पाहून त्याच्या कपाळावर आठी चढली. “कपाटाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?”

“मामा, ओरड नंतर. आधी आत हात घाल,” भिंगरी म्हणाली.

“मला शिकवतेस?”

“घालून तर बघ! भितोस का?”

मामाने तोऱ्यात हात आत घातला. त्याचा तोरा जिथल्या तिथे जिरला. त्याने पाठीमागची फळी चाचपली, कडा चाचपल्या. टक्, कपाट म्हणालं. मामाने डोळे मिटले.

“सांधा,” तो पुटपुटला. “लाकूड तापलं की वाळून आकसतं, सांध्यातून बोलतं. जन्मभर ऐकतोय मी हा आवाज, आणि माझ्याच कपाटाचा ओळखला नाही! मुंगीचा रस्ता बंद केला, तसा वाऱ्याचाही केला.”

“पप्पा, कपाट मात्र सुंदर झालंय हं,” चष्म्या घाईघाईने म्हणाला.

“गप रे, लोणी लावू नकोस.” मामाने घड्याळाकडे पाहिलं. “जहाज कधी सुटतंय?”

“आत्ता थोड्या वेळात!”

मग मामा जो सुटला! तारा सांभाळून त्याने डबा बाहेर काढला आणि आपल्या कामाच्या चौरंगावर, मोकळ्या जागी ठेवला. मामीने टेबलफॅन आणला. पिटुकलीने पडदा सरकवून खिडकी उघडली. डबा गार होईपर्यंत सगळ्यांनी कळ काढली. मग भिंगरीने बटण दाबलं.

धुकं. उतार. दूर तो एकटा कंदील.

“आले, बाबा!”

“वाटलं, आता येत नाहीस,” बाबा म्हणाले. त्यांच्या मागे भोंगा वाजत होता. “चल, पटकन!”

काळं दार करकरत उघडलं. आत जिना वर वर चढत अंधारात गेला होता. कुणीतरी वरून खाली पाहत असल्यासारखं वाटत होतं, पण बाबांचा कंदील तिच्या शेजारी होता. पायरी, पायरी, पायरी. डबा शांतपणे घुमत राहिला. वर पोहोचताच भिंगरीने दिवा पेटवला आणि उजेडाचा पट्टा धुकं चिरत थेट समुद्रावर गेला!

“जमलं!” तिघंही नाचू लागली. मामासुद्धा!

“शाब्बास माझी पोरगी!” बाबांचा आवाज तुटत होता. “नीट राहा हं. मी...”

आणि बाबांचा कंदील विझला. त्या जागी धुकं भरून आलं.

भिंगरी त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. पण जाण्याआधी बाबांनी दिवा पाहिला होता, तिच्या शेजारी उभं राहून.

मामा कपाट भिंतीपासून ओढून त्याच्या पाठीमागे बसला होता. कानावरची पेन्सिल काढून त्याने तिच्यापुढे धरली.

“घ्या, मिस्त्री. तुम्हाला दिसलं म्हणून बरं, माझ्या नाकासमोर असून मला दिसलं नाही. सांगा, वाऱ्याला भोकं कुठे पाडू?”

भिंगरीने नाक पुसलं, पेन्सिल घेतली आणि मामाच्या लाडक्या फळीवर पहिली रेघ ओढली.