एमॉसच्या माश्यांना दिलेली खबर

दिवा बारीक करा, आणि मध्ये बोलू नका. सिरिल बूथ माझा शेजारी. त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

यॉर्कशरमधलं हे आपलंच गाव. सात नोव्हेंबर, शुक्रवार. पबमध्ये डॉमिनोचा डाव रंगला होता. म्हाताऱ्या एमॉस थ्वेटचा चष्मा घरी राहिला. त्यानं घराची किल्ली सिरिलपुढे सरकवली.

"जा, घेऊन ये. नाहीतरी तू हरणारच. डोकं चालत नाही, पाय तरी चालव."

सगळे हसले. सिरिल निघाला, पण ते हसणं त्याला झोंबलं.

चष्मा मिळाला. परसात एमॉसच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. मालक मेला की घराच्या किल्लीनं पेटी ठोकून माश्यांना सांगायचं, ही आपली जुनी रीत. सिरिलनं एकेक पेटी ठोकली.

"एमॉस गेला गं बायांनो. आजपासून मालक मी."

आत गुणगुण उठली. मग थांबली.

पबमध्ये येऊन त्यानं हे हसत सांगितलं. कोणी हसलं नाही. मालकीण मेव्हिसनं बिअरचा नळ बंद केला.

एमॉस उठला. "चल. शब्द परत घे."

"गंमत केली हो, काका."

"माश्यांना गंमत कळते होय रे?"

"पण परत कसा घ्यायचा?"

मेल्याचं सांगायची रीत होती. जिवंत असल्याचं सांगायची नव्हती.

दोघे घरी आले. एमॉस आत गेला, दार लोटून घेतलं, दिवा लावला. सिरिल पेट्यांपाशी वाकला.

"जिवंत आहे तो. मी खोटं बोललो."

काही नाही. त्यानं झाकण उचललं. पेटी रिकामी... दुसरीही...

घरातला दिवा गेला.

आत गुणगुण. मोठी. फार मोठी.

"काका?"

दारावर आतून थाप पडली. पुन्हा... मग हळू...

दार नुसतं ढकलायचं होतं.

सिरिल पळाला.

सकाळी तो मेव्हिसला आणि डॉक्टरला घेऊन आला. एमॉस दाराशी बसलेला. अंगावर एक डंख नाही. पेटीत उंदीर मेला आणि माश्यांना बाहेर ओढता आला नाही, तर त्या त्याला मेणानं लिंपून टाकतात. एमॉसचे डोळे, नाक, ओठ तसेच लिंपलेले होते.

"हृदय थांबलं," डॉक्टर म्हणाला. "हे मागाहून झालं असणार. मेल्यावर."

सिरिलनं एमॉसच्या मुठी उघडल्या.

दहाही नखांत मेण होतं.