श्वासाच्या खुणा

आधीच सांगून ठेवते, यात पदरचं एक अक्षर नाही.

जिच्याबरोबर हे घडलं ती माझी सख्खी मावशी. आणि त्या संध्याकाळी मी स्वतः चौथ्या रांगेत बसले होते. तेव्हा 'ऐकीव गोष्ट' म्हणून कोणी सोडून देऊ नका.

गेल्या मार्चमधला दुसरा गुरुवार. संध्याकाळचे सहा. सार्वजनिक वाचनालयाचा वरच्या मजल्यावरचा हॉल. बाहेर चांगला उजेड होता, खाली मुलं सायकली फिरवत होती. भुताखेताला शोभेल असं तिथे काहीही नव्हतं.

मावशी ऑपेरात गाते. ऑपेरा म्हणजे नाटकच, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायचं. आणि मावशी तिथे 'राखीव' आहे. मुख्य गायिका आजारी पडली तर ऐनवेळी उभं राहायचं. सगळी भूमिका पाठ. कपडे मापाचे शिवून तयार. आणि प्रयोगभर पडद्यामागे खुर्चीत बसून राहायचं.

अकरा वर्षं मावशी अशी बसून होती.

अकरा वर्षांत मुख्य गायिकांपैकी कोणाला साधी शिंक आली नाही.

आताची मुख्य गायिका मावशीपेक्षा चौदा वर्षांनी लहान. तोंडावर मावशी तिला 'बाळा' म्हणायची. घरी मात्र 'राणीसाहेब'. रोज नवीन काहीतरी सांगायची: आज राणीसाहेबांना पंखा नको होता. आज राणीसाहेबांनी सगळ्यांसाठी केक करून आणला. मुलगी वाईट असती तर मावशीला सोपं गेलं असतं. ती चांगली होती, आणि तेच मावशीच्या डोक्यात जायचं.

"तिचा वरचा सूर ऐकलास? काठावर उभा असतो. कधी पडेल सांगता येत नाही," मावशी म्हणायची.

तो सूर कधीच पडला नाही.

तर नवीन ऑपेरा ठरला. खरं तर जुनाच, पण वीस वर्षांनी परत काढलेला. गोष्ट एका शिंपिणीची. तिचं ज्याच्यावर प्रेम असतं तो दुसरीशी लग्न ठरवतो, आणि नवरीचा पोशाख शिवायचं काम हिच्याकडेच येतं. शेवटी नवरीच्या अंगावर कपडा बेतताना, हातात टाचण्या धरून, शिंपीण एक गाणं गाते.

मावशी मला म्हणाली, "हे गाणं माझं आहे. त्या पोरीला काय कळणार यातलं? तिला कधी काही मिळालं नाही असं झालंय का?"

दिग्दर्शकाने भूमिका राणीसाहेबांना दिली. मावशी राखीव.

आता नीट ऐका, कारण सगळं इथून सुरू झालं.

राखीव गायिकेला गाण्यांची छापील वही नाट्यगृहाच्या कपाटातून मिळते. श्वास कुठे घ्यायचा तिथे ओळीवर लहानशी खूण करायची. नियम असा की राखीवने खुणा पेन्सिलीनेच करायच्या, आणि वही परत देताना सगळ्या खोडायच्या. पुढच्या बाईला वही कोरी मिळाली पाहिजे.

मावशीला मिळालेली वही कोरी नव्हती.

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोणाच्या तरी बारीक, टोकदार खुणा होत्या. मावशीने त्या एकेक करून पाहिल्या. आणि तिचा जळफळाट झाला. ज्या बाईने त्या केल्या होत्या, तिला गाणं कळत होतं. मावशीला दहा तालमींनंतर सुचलं असतं ते तिने आधीच करून ठेवलं होतं.

शेवटच्या गाण्यात एक लांबलचक ओळ आहे. तिच्यात सगळे तीनदा श्वास घेतात. राणीसाहेबसुद्धा. या वहीत त्या ओळीवर एकच खूण होती... अगदी सुरुवातीला.

म्हणजे अख्खी ओळ एका श्वासात.

"मोठी आली!" असं म्हणून मावशीने रबर उचललं. तीन सकाळी बसून तिने सगळी वही साफ केली. स्वतःच्या खुणा केल्या. त्या ओळीवर तीन.

वही कोणाची होती, हे विचारायचं तिला सुचलं नाही. नाही, खोटं कशाला बोलू? मावशीच मला म्हणाली, "सुचलं होतं. पण नाव कळलं असतं तर तिच्याबद्दल चांगलंच ऐकावं लागलं असतं."

प्रयोगाच्या आधी नाट्यगृहाची मंडळी वस्त्यावस्त्यांत जाऊन एक मोफत संध्याकाळ करतात. गोष्ट सांगायची, तीन गाणी म्हणून दाखवायची, लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायची. वाचनालयातला कार्यक्रम तोच. घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. कोपऱ्यात चहाचा थर्मास. पहिल्या रांगेतल्या आजी विणकाम घेऊन आलेल्या. दिग्दर्शक शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून.

अशा कार्यक्रमात राखीव गायिका पियानोवाल्याची पानं उलटते. तशी पद्धतच आहे. पियानोवाले काका चाळीस वर्षं तिथे आहेत. त्यांच्या डाव्या हाताला एक खुर्ची, तिथे मावशी. पानं तिच्याच वहीची. आणि मावशीच्या पाठीमागे... भिंत.

राणीसाहेब निळा कुर्ता घालून आल्या. लोकांकडे बघून हसल्या. विणकाम करणाऱ्या आजींनी सुया खाली ठेवल्या.

"बघ, अजून तोंडही उघडलं नाही, तोच सगळे खिशात," मावशीच्या मनात आलं.

आणि मग तिच्या मनात आणखी एक आलं. ते तिने मला फार उशिरा सांगितलं.

'एकदाच. एकदाच हिचा आवाज बसू दे.'

तेवढ्यात तिच्या मागे कोणीतरी श्वास घेतला.

खोल. पोटातून. गायिका गाण्याआधी घेते तसा.

मावशीने वळून पाहिलं.

भिंत.

पहिलं गाणं सुरू झालं. मावशी पानं उलटत होती, आणि सवयीने ओठांतल्या ओठांत गात होती. प्रत्येक ओळीआधी मागून तो श्वास यायचा... राणीसाहेबांच्या जरासा आधी.

श्वास यायचा. त्याच्यामागून गाणं यायचं नाही.

गाणाऱ्या माणसाला श्वास ओळखता येतो. मावशीला पाच ओळींतच कळलं. हा श्वास राणीसाहेबांच्या जागांवर नव्हता. तिच्या स्वतःच्या जागांवरही नव्हता.

तिने खोडलेल्या खुणांवर होता.

मावशी मागचंच ऐकत राहिली. पान उलटायला उशीर झाला. काकांनी तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या गाण्यात राणीसाहेब खोकल्या. पाणी प्यायल्या. "माफ करा हं," असं म्हणून गोड हसल्या. पण आवाज बारीक होत चालला होता. मला चौथ्या रांगेतसुद्धा ते जाणवलं. मावशीला मागून श्वास ऐकू यायचा, मग या श्वास घ्यायच्या, आणि घेतलेला श्वास यांच्यापर्यंत पोचतच नसल्यासारखं वाटायचं.

मग तिसरं गाणं. शिंपिणीचं.

राणीसाहेबांनी डोळे मिटले. श्वास घेतला.

आणि...

काहीच नाही.

तोंड उघडं. मान ताणलेली. आवाज नाही.

काकांनी सुरुवात परत वाजवली. पुन्हा तेच. पोरगी गळ्याला हात लावून उभी. डोळ्यांत पाणी.

शेवटच्या रांगेतून दिग्दर्शक म्हणाला, "राखीव बाई आहेत ना? त्यांना गाऊ द्या."

अकरा वर्षांनी.

मावशीने मला सांगितलं, "मला भीती वाटायला हवी होती गं. पण मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी त्या पोरीकडे बघितलंसुद्धा नाही."

ती उठली. पियानोपुढे उभी राहिली. आणि गायली.

मी मावशीचं गाणं लहानपणापासून ऐकतेय. चांगलं असतं. नीटनेटकं. पण त्या दिवशी मी रडत होते. माझ्या शेजारचा अनोळखी माणूस रडत होता.

ती लांब ओळ आली. मावशीने सुरुवातीला श्वास घेतला. पुढे ठरल्या जागी दुसरा घ्यायला गेली...

घेता आला नाही.

छातीत हवा संपलेली. ओळ अर्धीसुद्धा झालेली नाही. आता सगळ्यांसमोर फजिती होणार, एवढंच तिला कळलं.

तेव्हा पियानोजवळच्या खुर्चीतून... तिने आत्ताच रिकाम्या केलेल्या खुर्चीतून... कोणीतरी खोल श्वास घेतला.

आणि मावशीची छाती भरली.

तिने श्वास घेतला नव्हता. तरीही भरली. ओळ संपली, शेवटचा सूर हॉलभर पसरला आणि तिथेच थांबून राहिला.

टाळ्या थांबेनात. दिग्दर्शक उभा राहिला होता. "एवढ्या वर्षांत कुठे लपवला होता हा आवाज? अख्खी ओळ एका श्वासात!" तो म्हणाला.

लोक चहाकडे वळले, तेव्हा काकांनी मावशीला बाजूला घेतलं.

"छान गायलीस. पण तू उठल्यावर पानं उलटायला कोणाला बसवलंस?"

"कोणालाच नाही."

"अगं, वेळेवर उलटत होतं कोणीतरी. मी वर बघितलं नाही. मला वाटलं तुझी भाची. हात फार गार होता तिचा."

मी चौथ्या रांगेतून हललेही नव्हते. आणि सांगायला लाज वाटते, मी पियानोकडे पाहिलंच नव्हतं. सगळा वेळ मावशीकडे बघत होते.

काकांनी वही मिटली. मागच्या कोपऱ्यातला नंबर दिसल्यावर त्यांचा हात थांबला.

"ही तिची वही? अजून आहे?"

"कोणाची?"

"वीस वर्षांपूर्वीची राखीव. एका श्वासात ओळ म्हणायची, फक्त तालमीत, आम्हा दोघा-तिघांसमोर. उभं राहायची वेळ काही आली नाही. प्रयोग संपायच्या आत गेली बिचारी, वहीतल्या खुणा खोडायच्या राहूनच गेल्या. माझ्या शेजारी बसून पानं उलटायची." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि पियानोचं झाकण लावलं.

राणीसाहेब दारात कोट घालून उभ्या होत्या. कुजबुजल्यासारखं बोलत होत्या. "ताई, मी श्वास घेत होते. खरंच घेत होते. पण तो कोणीतरी ओढून नेत होतं."

घरी आल्यावर मावशीने वही उघडली. तिने केलेल्या खुणा नव्हत्या. एकही नाही. त्यांच्या जागी त्या जुन्या, बारीक, टोकदार खुणा.

आधीपेक्षा गडद.

दुसऱ्या दिवशी मुख्य भूमिका मावशीला मिळाली. अकरा वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती. मावशीने पुन्हा रबर घेतलं आणि सगळं खोडलं. तालमीला गेली. गायली. चांगलं झालं. नीटनेटकं.

दिग्दर्शकाने विचारलं, "तो परवाचा आवाज कुठे गेला?"

रोज सकाळी खुणा परत आलेल्या असायच्या. रोज सकाळी मावशी खोडायची. राणीसाहेबांचा आवाज मात्र आला नाही. डॉक्टरांना गळ्यात काही सापडेना. आठव्या दिवशी मावशीने भूमिका सोडली. घरातल्या सगळ्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. बाहेरगावची कोणीतरी बोलावून प्रयोग उरकला. त्याच आठवड्यात राणीसाहेबांना आवाज फुटला, पण वरचा सूर गेला तो गेलाच. हल्ली त्या मुलांना गाणं शिकवतात.

वही मावशीने परत केली नाही. खोडून कोरी होईल तेव्हा देईन, म्हणाली. रोज सकाळी चहाबरोबर तिचं ते काम सुरू असायचं. टेबलावर रबराचा चुरा.

एकदा मी विचारलं, "मावशी, तुला भीती नाही वाटत?"

तिने टेबलावरचा चुरा बोटाने गोळा केला.

"भीती कसली? मला तिचा हेवा वाटतो. त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघून रडत होते ना, तेव्हासुद्धा मी तिच्यावरच जळत होते. टाळ्या तिच्या होत्या. मला ते ठाऊक होतं आणि तिलाही."

मला वाटलं, चला, संपलं.

परवा मावशीचा फोन आला. आवाज हसरा.

"शिंपिणीचा खेळ परत काढतायत. यंदा राखीव नाही, मुख्य. तुला पहिल्या रांगेतलं तिकीट ठेवलंय."

"आणि राखीव कोण?"

"आहे एक नवीन पोर. गोड आहे. चांगला दमसास आहे तिचा."

"मावशी... सकाळचं खोडणं?"

"बंद केलं. रबर टाकून दिलं गं."

मी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. खोल, पोटातून, संथ.

मग मावशी पुढे बोलायला लागली. तालमीच्या वेळा, पोशाखाचा रंग, कोण काय म्हणालं. न थांबता बोलत होती.

आणि तो श्वास तेव्हाही ऐकू येत होता.

तिकीट माझ्या टेबलावर पडलंय. प्रयोग येत्या शनिवारी आहे. राणीसाहेबांचा श्वास कुठे गेला होता हे त्या नवीन पोरीला सांगावं का, सांगितलं तर ती विश्वास ठेवेल का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.