भरलेली किटली

ती दुकानात शिरली ती भावाचा रेडिओ दुरुस्तीला टाकायला. समोर फळीवर तिच्याच सात किटल्या, सगळ्यांच्या मुठी उपटलेल्या. तिनं डिझाइन केलेली, बक्षीस मिळवलेली किटली.

"हिला काय झालं?"

"जिनं बनवली तिला विचारा." दुरुस्तीवाल्यानं मानही वर केली नाही. "मूठ कशी, तर काडीसारखी नाजूक. उकळतं पाणी भरून उचला... हातात फिरते आणि वाफ थेट बोटांवर. बाईनं जन्मात चहा केलेला नाही."

"रोज दोनदा करते. जुन्या पातेल्यात."

आता त्यानं वर पाहिलं. माफी मागेल असं तिला वाटलं. तो म्हणाला, "भरून उचलली होतीत?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ऑफिसात सगळ्यांनी ती रिकामीच उचलली होती. रिकामीच कौतुकानं फिरवली होती.

मग दोन महिने ती दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी नवी मूठ घेऊन यायची.

"ही म्हशीच्या शिंगासारखी दिसते."

"तोंड सांभाळा, कारागीर."

"तुम्ही बोटं सांभाळा, बाईसाहेब. अंगठा इथं ठेवा—"

त्यानं तिचा अंगठा मुठीवर टेकवला आणि हात काढायचा विसरला. तिनंही आठवण करून दिली नाही. पुढच्या आठवड्यात 'बाईसाहेब' गेल्या, 'तू' आली.

एकविसावी मूठ हाताला बसली, डोळ्यांतही भरली. ऑफिसातले साहेब मात्र म्हणाले, "जाड आहे. जुनीच ठेव, नाहीतर किटलीचं काम दुसऱ्याकडे देतो."

तिनं जुनी किटली उकळत्या पाण्यानं भरली. "ओता, साहेब."

साहेबांनी उचलली आणि 'आई गं' करत खाली आदळली. पाणी फायलींवर.

"लोकांची बोटं भाजणारी वस्तू पुन्हा माझ्या हातून निघणार नाही. द्या खुशाल दुसऱ्याकडे."

साहेब बोटांवर फुंकर घालत राहिले. मग कुरकुरत त्यांनी नवी मूठ मंजूर केली. "हे डोक्यात भरवलं कुणी?"

"मी ज्याच्याशी लग्न करणार आहे, त्यानं."

"अरे वा. कधी ठरलं?"

"त्याला अजून माहीत नाही."

संध्याकाळी तिनं त्याला सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. त्याच्या हातातला स्क्रू घरंगळत टेबलाखाली गेला.

"नीट बघितलंयस ना? मी हा असा... तोंडाचा फटकळ..."

"या वेळी रिकामं उचलून नाही ठरवलं. दोन महिने भरून बघितलंय."

त्यानं नव्या मुठीची किटली तिच्यापुढे सरकवली. "मग ओत चहा. बोटं भाजली तर तक्रार जन्मभर माझ्याकडेच."