गेटवरची रेष

सोसायटीत कॅमेरे बसवायचं ठरलं तेव्हापासून प्रत्येक मीटिंगमध्ये मी एकाच प्रश्नाचं उत्तर देत होते. नाही, सगळे कॅमेरे सारखे नसतात. रविवारी रात्रीही तेच झालं. ज्येष्ठ मंडळी "पुढच्या वेळी बघू" म्हणत खाली गेली आणि डोंबिवलीतल्या आमच्या गच्चीवर मी, माझा चुलतभाऊ सौमित्र आणि त्याचे वडील तानाजीकाका एवढेच उरलो.

"वैतागू नकोस, कृतिका," काका म्हणाले. "लोकांना वाटतं, कॅमेरा लावला की झालं."

"काका, एखाद्याला अंधारात दिसतं, एखाद्याला नाही. एक नुसतं रेकॉर्ड करतो, दुसरा फोनवर कळवतो. एकातून बोलता येतं, दुसऱ्यातून नाही. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"हे भावनाला आधी कळायला हवं होतं."

"काका, ही तुमची भुताची गोष्ट असेल तर मी चालले."

"बस गं," सौमित्र म्हणाला. "खाली जाऊन तरी काय, परत कॅमेऱ्यांची लिस्टच बनवणार ना?"

बसले. पाय दुखत होते, म्हणून बसले.

भावना म्हणजे काका काम करतात त्या हॉस्पिटलमधली नर्स. राहायला ठाण्याला, नौपाड्यात. तिचे वडील काळुराम आंबिवलीच्या घरात एकटे. आई, ठमाबाई, जन्मभर भाजी विकायची. पहाटेच्या पहिल्या गाडीने कल्याण मार्केट. भाजीचं ओझं काळुरामांनी स्टेशनपर्यंत न्यायचं, रूळ ओलांडून, कारण तोच जवळचा रस्ता. ठमाबाई गेली, पण म्हाताऱ्याची सवय गेली नाही. फक्त वेळेचा हिशेब चुकायला लागला. मध्यरात्रीच उठायचा आणि रुळांकडे निघायचा. एकदा मालगाडीच्या पुढ्यातून लोकांनी ओढून आणला.

"मग त्यांना नौपाड्याला आणायचं ना," मी म्हटलं.

"येत नव्हते. म्हणायचे, मी आलो तर तिचं ओझं कोण नेणार?"

मग भावनाने सुट्टीच्या दिवशी जाऊन कॅमेरे घेतले. धनेश नावाच्या मुलाने ते बसवले, एक खोलीत आणि एक गेटवर. मोबाइलवर गेटच्या चित्रावर तिने बोटाने एक पिवळी रेष ओढली. कोणीही ती रेष ओलांडली की फोन वाजणार. मग तिने कॅमेऱ्यातून हाक मारायची, बाबांना परत फिरवायचं. असा बेत.

फोन वाजायचा. रोज वाजायचा. कधी मांजर. कधी रिक्षाचा उजेड. कधी भिंगासमोर कोळ्याने जाळं विणलेलं.

"मग फक्त माणूस ओळखेल असं सेटिंग करायचं," मी म्हटलं.

"केलं. पण तोवर ती पार थकून गेली होती. जेवताना डुलक्या घ्यायची. उभ्याउभ्या झोपायची."

आणि मग ती रात्र आली. गेल्या वर्षीची पौष अमावास्येची आदली रात्र, मंगळवार. दोन ड्युट्या सलग करून भावना घरी आली. फोन उशाला ठेवला. आडवी झाली.

फोन वाजला.

ती उठली नाही.

सौमित्रने पाय खुर्चीवर घेतले.

सकाळी तिने फोन पाहिला. बाबांना फोन लावायचीही हिंमत होईना. आधी क्लिप उघडली. आवाज नाही. राखाडी चित्र. बाबा गेट उघडतात. डोक्यावर टॉवेलाची चुंबळ. ओझं काहीच नाही... रिकाम्या चुंबळीला एका हाताने धरलेलं. रेष ओलांडतात. रस्त्यावर जातात. चार पावलं.

थांबतात.

वळतात. वर, कॅमेऱ्याकडे बघतात. मान हलवतात... ऐकल्यासारखी. चुंबळ उतरवतात. आत येतात. गेट लावतात.

मग तिने फोन लावला. म्हातारा मजेत होता. चहा पीत होता.

"बाबा, रात्री निघाला होतास?"

"निघालेलो. तूच त परत बोलावलंस माना. त्या कॅमेऱ्यानशी."

"मी?... काय बोलले मी?"

"आज भाजी नाय न्यायची, बोललीस."

भावना ढसाढसा रडली. तिला वाटलं, झोपेतच आपण बटण दाबलं आणि बोललो. इतकी थकले होते, तरी बोललो. बाबा वाचले. ड्युटीवर आल्यावर तिने काकांना हेच सांगितलं. दोघांनी धनेशला फोन केला. म्हटलं, गेटच्या कॅमेऱ्याने बाबांचा जीव वाचवला, काय खणखणीत आवाज आहे.



"ताई," धनेश म्हणाला, "खोलीतल्यातून बोलता येतं. गेटवरच्याला स्पीकर नाहीये. माईकही नाही. तुम्ही दोन्ही सारखेच समजलात काय?"

खाली कुणाचा तरी कुकर शिट्टी देऊन गप्प झाला.

"शेजारी असेल," मी म्हटलं. "कोणीतरी जागं असणार. त्याने हाक मारली असेल."

"असेल," काका म्हणाले. त्यांनाही वाद घालायचा कंटाळा आला होता. "आम्ही दुपारी गेलो. मी आणि ती. गेट उघडेना. कडी बाहेरून बांधलेली होती."

"बाहेरून? कशाने?"

"केळीच्या सोपटाने. वाळक्या सालीची पट्टी असते बघ, भाजीवाल्या भिजवून जुड्या बांधतात तिने. तशीच बारीक, दोन वेढे आणि गाठ. भावनाने तिथंच उभं राहून सगळं रेकॉर्डिंग पाहिलं. बाबा आत गेल्यापासून आम्ही येईपर्यंत. वेग वाढवून, पण मधलं काही न गाळता. गेटजवळ कोणी आलेलं नाही."

"मग?"

"मग काय. ती हात लावेना. मी सोडायला गेलो..."

काका अंगठा बोटांवर हळूहळू घासत राहिले.

"टळटळीत ऊन होतं, पोरी. आणि सोपट ओलं होतं."